अ‍ॅलर्जी अनेक, वजन मात्र जागच्या जागी

बाळाला सहा महिने पूर्ण झाले, की घरोघरी उष्टावणाची तयारी सुरू होते. चांदीची वाटी, मामाची मांडी आणि दुधातली खीर हा ठरलेला बेत. मात्र ज्या बाळाला दुधाने पुरळ उठते, अंड्याने उलटी होते आणि ज्याच्या बाबतीत गव्हाविषयीही शंका आहे, त्याच्या घरी हा सोहळा चिंतेचा विषय होतो. त्यातच वजनाचा काटा हलत नसेल, तर एकेक पदार्थ आहारातून वगळण्याचा सपाटा सुरू होतो. अनेकदा अ‍ॅलर्जीपेक्षा हा सपाटाच बाळाला महागात पडतो.

वजन खरोखर अडले आहे का, हे प्रथम तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांनुसार मुलाचे मध्यम वजन सहाव्या महिन्यात ७.९ किलो, नवव्या महिन्यात ८.९, तर वर्षाच्या शेवटी ९.६ किलो असते. म्हणजे वाढीचा वेग या काळात मंदावतोच. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करण्यात अर्थ नाही. बाळाची स्वतःची रेषा तक्त्यावर खाली घसरू लागली, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

दुसरा प्रश्न निदानाचा. रक्ताच्या एकाच नमुन्यातून डझनावारी पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्या शहरांत सहज उपलब्ध आहेत. त्यात एखाद्या पदार्थापुढे ‘पॉझिटिव्ह’ असे लिहिले म्हणजे त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहेच, असे नव्हे. शरीराने तो पदार्थ ओळखला आहे, एवढेच त्यातून कळते. उलट, काही अ‍ॅलर्जी या चाचण्यांत दिसतच नाहीत. खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन बाळ मलूल पडते, तो प्रकार असाच आहे. त्याला कधी कधी चक्क तांदूळही कारणीभूत ठरतो. म्हणूनच संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा देऊन पाहणे, हा बहुतेक वेळा निदानाचा भरवशाचा मार्ग मानला जातो. गव्हाच्या बाबतीत घाई विशेष टाळावी. सिलिअ‍ॅक आजाराची चाचणी गहू खाण्यात असतानाच विश्वासार्ह ठरते.

खरी अडचण वाटीत आहे. या वयातील बाळाच्या पोटात एका वेळी प्रतिकिलो वजनामागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते. सहा किलोच्या बाळासाठी हे १८० मिलिलिटर झाले. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांच्या वयात वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी, तर नऊ ते अकरा महिन्यांच्या वयात ३०० कॅलरी लागतात. वरणाचे पाणी आणि पातळ पेज यांनी पोट भरते, कॅलरी मात्र नाममात्र मिळतात. चमच्यावरून न ओघळणारा मऊ भात व मूगडाळ, कुस्करलेले रताळे किंवा केळे त्याहून कितीतरी सरस. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या नाचणीची खीर शिजल्यावर फार घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. ती पाण्यात शिजवली तरी चालते. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते.

घराघरांत तुपाची धार हा हमखास उपाय. परंतु तुपात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो, त्यामुळे दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला ते विचारल्याशिवाय देऊ नये. एक चहाचा चमचा खाद्यतेल घातले, तर सुमारे ४० कॅलरी वाढतात. शेळीचे किंवा म्हशीचे दूध ‘हलके’ म्हणून देण्याचा सल्ला आजही मिळतो. मात्र त्यांतील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी बरीच मिळतीजुळती असल्याने तो घातक ठरू शकतो. बदाम किंवा तांदळाचे ‘दूध’ हा तर पर्यायच नव्हे, कारण त्यात प्रथिने फारच कमी असतात. आईचे दूध सुरूच ठेवावे. ते अपुरे असल्यास प्रथिनांचे विघटन केलेली खास दूधभुकटी डॉक्टर सुचवतात. ती महाग असते, पण तिला घरगुती पर्याय नाही.

उरलेले पदार्थ लांबणीवर टाकू नयेत. लंडनमध्ये झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केल्यावर पुढे त्याची अ‍ॅलर्जी होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. अशा बाळांना तो तज्ज्ञांना विचारूनच, बारीक वाटून पातळ लापशीच्या रूपात द्यावा. अख्खा दाणा घशात अडकतो. नवा पदार्थ एका वेळी एकच, सकाळी, अगदी थोडा द्यावा आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. ओठ सुजणे, श्वास घरघरणे किंवा अंग सैल पडणे दिसल्यास सिरप पाजत बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे, तेथे अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार असतो.

बंद केलेला पदार्थ कायमचा बंद, असा समज करून घेऊ नये. दूध आणि अंडे यांची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. त्यामुळे दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडे फेरतपासणी करून घ्यावी.