सुती सदऱ्याच्या कापडाविषयी काही समज

सातारच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या कापड पेठेत शर्टिंगचे तागे उलगडले जात असताना गिऱ्हाईक त्या कापडाची परीक्षा कोणत्या रीतीने करते, हे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. कापड चिमटीत धरावे, अंगठ्याने चोळावे, मुठीत आवळून सोडावे, आणि ते जाड लागले तर टिकाऊ, गुळगुळीत लागले तर उंची, चुरगळले तर हलके, असा निकाल जागच्या जागी देऊन टाकावा. या तिन्ही निकालांत तथ्याचा अंश अल्प आहे. ज्या मुलुखात विट्याचे यंत्रमाग चालतात, माधवनगरने कापड गिरणीचा काळ पाहिला आणि कृष्णेपलीकडे इचलकरंजीसारखे विणकरांचे नगर उभे आहे, तिथल्या माणसाला अंगावरच्या सुती कापडाची ओळख इतकी अपुरी असावी, याचा मला मनापासून खेद वाटतो.

पहिला समज जाडीचा. ताण्याचे सूत मागावर चढण्यापूर्वी त्याला खळ द्यावी लागते, कारण धोट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर ते मागाच्या वहीतून, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून, आणि फणीच्या दातांतून घासले जाते, आणि एकपदरी सुताला हे घर्षण खळीच्या आवरणावाचून सोसत नाही. तेव्हा खळ ही लबाडी नसून विणकामाची गरज आहे. परंतु मागावरून उतरलेले कोरे कापड, ज्याला व्यापारी ‘ग्रे’ म्हणतात, ते धुलाई-रंगाईच्या कारखान्यात गेले की ही खळ पूर्णपणे निघून जायला हवी, आणि बहुधा ती जातेही. पुढे शेवटच्या संस्कारात जी खळ आणि कधीकधी जी चिनी माती विरळ कापडाच्या छिद्रांत भरली जाते, तिचा हेतू मात्र हाताला भरीवपणा भासवणे एवढाच असतो. असे कापड दुकानात पुठ्ठ्यासारखे ताठ उभे राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर जाळीसारखे लोळागोळा होते. त्याची परीक्षा सोपी आहे. कापडाचा कोपरा दोन्ही हातांत घेऊन जोराने चोळावा आणि मग उजेडासमोर धरावा. पांढरी पूड झडली आणि चोळलेली जागा भोवतालपेक्षा विरळ दिसली, तर आपण सुताचे नव्हे, पिठाचे पैसे देत आहोत असे खुशाल समजावे.

मग कापडाचा खरा दर्जा कशात असतो? तो सुताच्या नंबरात, पिळात आणि एका इंचात बसलेल्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या संख्येत असतो. विणकर ज्याला ‘रीड-पिक’ म्हणतात ते हेच. सुताच्या नंबराचा हिशेब जुन्या इंग्रजी मापाचा असून तो आजही कायम आहे. 840 वारांची एक लडी, आणि अशा जितक्या लड्या एका रत्तलात, म्हणजे पौंडात, भरतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे 40 नंबरी सुताचे एक रत्तल सोडवले तर ते 33,600 वार, सुमारे 19 मैल भरेल. सांगली-मिरजेमधले अंतर तीनदा तोडावे इतके. नंबर जितका वाढेल तितके सूत बारीक, हे खरे. पण नंबर जितका वाढेल तितके कापड चांगले, ही मात्र चुकीची समजूत होय. बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस लागतो, तो महाग असतो, म्हणून कापड महाग होते. किमतीचे हे कारण टिकाऊपणाचे कारण नव्हे. उसाच्या फडात किंवा गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसाला 100 नंबरी दुपदरी सुताचा सदरा घालणे म्हणजे तो सदरा एका हंगामात संपवणे. त्याच्या अंगाला 20 किंवा 30 नंबरी सुताचे भरदार कापडच शोभते. तीच गोष्ट वैशाखात सातारच्या कचेरीत दिवसभर बसणाऱ्या कारकुनाची, फक्त उलट बाजूने.

पॉपलिनचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. 40 नंबरी सुताच्या परिचित पॉपलिनमध्ये इंचाला 133 उभे आणि 72 आडवे धागे असतात. वीण अगदी साधी, एक धागा वर एक खाली. परंतु उभ्या धाग्यांची ही दाटी आडव्या धाग्यांना आत दाबून टाकते आणि म्हणून कापडावर हाताला कळेल न कळेल अशी आडवी सूक्ष्म रेघ उमटते. चकाकी आणि सुळसुळीतपणा यातून येतो. पण याच रचनेमुळे पॉपलिनचे बळ दोन्ही दिशांना समान राहत नाही. उभ्या दिशेने ते ताण सोसते, आडव्या दिशेने धागे निम्म्याच्या आसपास असल्यामुळे पाठीवर आवळ बेतलेला सदरा उभा फाटतो. अनुभवी शिंपी खांद्याचा दुहेरी पट्टा कापडाचा आडवा पन्हा फिरवून कापतो, तो याच विचाराने. केंब्रिकमध्ये 60 नंबरी सुताचे 92 आणि 88 असे जवळजवळ समतोल धागे असतात, त्यामुळे ते मऊ, हवेशीर आणि उन्हाळ्याच्या सदऱ्याला योग्य. तिरकस विणीचे ट्विल आणि ड्रिल यांत धागा दोन-तीन धाग्यांवरून उडी घेत जातो, म्हणून तेवढ्याच जागेत सूत अधिक मावते. गणवेशाला आणि मेहनतीच्या कामाला त्याच्यासारखे कापड नाही.

यंत्रमागाचे कापड ते कच्चे आणि गिरणीचे ते पक्के, हा समज तर मला अन्यायाचाच वाटतो. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि तिथल्या जहागीरदारांनी, नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी, या उद्योगाला आश्रय दिला. तेव्हापासून हा व्यवसाय आसमंतात पसरत गेला. विट्याचा विणकर ज्या सूतगिरणीचे सूत विकत घेतो, तिथलेच सूत मोठ्या गिरणीच्या मागावरही जाते. माग कोणाच्या मालकीचा आहे, हे कापडाला ठाऊक नसते. धागा कोणता, रीड-पिक किती, आणि पुढची धुलाई-रंगाई कोणी किती निगुतीने केली, एवढ्यावरच सारे अवलंबून असते. शिवाय विट्याचे ग्रे कापड व्यापाऱ्याच्या हातून परगावी जाऊन, रंग आणि छाप घेऊन, परक्या नावाने याच जिल्ह्यात विकायला येते, तेव्हा त्याची प्रशंसा करणारे लोक मी पाहिले आहेत. जाडेभरडे दिसले की त्याला खादी म्हणण्याची चूकही सार्वत्रिक आहे. हाताने कातलेले सूत हाताने विणले तरच ती खादी. गिरणीचे सूत हातमागावर विणले तर ते हातमागाचे कापड, आणि त्याचीही प्रतिष्ठा त्याच्या जागी आहे.

आता आटण्याविषयी. नवा सदरा पहिल्या धुण्यात आखूड झाला की कापडात भेसळ निघाली अशी तक्रार होते. मी स्वतः तरुणपणी एका दुकानदाराशी या कारणावरून हुज्जत घातली होती, आणि चूक माझी होती. मागावर आणि पुढील प्रत्येक यंत्रावर कापड ताणलेल्या स्थितीत चालते. पाण्यात पडताच ते मूळच्या विश्रांत अवस्थेकडे परतू लागते. याला उपाय निघाला तो 1930 च्या सुमारास, अमेरिकेतील सॅनफर्ड क्लूएट यांनी कापड यंत्रानेच आधी आखडून घेण्याची रीत काढली तेव्हा. सॅनफराइज्ड हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. असा संस्कार झालेला नसेल तर कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवावे आणि मगच शिंप्याकडे द्यावे. आपल्या आजीच्या पिढीला ही गोष्ट सांगावी लागत नसे.

सुती कापड सदासर्वदा आणि सर्वत्र उत्तम, असेही कोणी समजू नये. कापसाचा तंतू मध्यम दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या 8.5 टक्के ओलावा धरून ठेवतो; टेरिकॉटमधील कृत्रिम तंतू अर्धा टक्काही धरत नाही. जेमतेम 20 इंच पावसाच्या माण-आटपाडीकडे हा गुण वरदान ठरतो, कारण कापडाने टिपलेला घाम कोरड्या वाऱ्यात चटकन उडून जातो आणि अंग निवते. परंतु 200 इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात तोच सदरा आषाढ-श्रावणात दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या कापसावर, विशेषतः खळ केलेल्या कापडावर, बुरशीचे काळे ठिपके पडतात. तिथे पावसाळ्यापुरता मिश्र धाग्याचा सदरा वापरणारा माणूस शहाणपणाच करतो. ओले झाल्याने सुती कापड कमजोर होते, ही भीती मात्र निराधार आहे: कापसाचा धागा भिजल्यावर कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो, आणि म्हणूनच तो दगडावरचे आपटणे वर्षानुवर्षे सोसत आला. चुरगळणे हा दोष खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते हलकेपणाचे लक्षण नसून शुद्धतेचे आहे. संशय आला तर शिवणीतून एक धागा ओढून जाळावा. कापूस कागदाच्या वासाने जळून हलकी राख उरते, कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गाठ होते.

राहता राहिला हळदीचा डाग, आणि हळदीच्या पेठेच्या या जिल्ह्यात त्याविषयी बोलले नाही तर लेख अपुरा राहील. सांगलीच्या अडत्याचा किंवा हमालाचा पांढरा सदरा हळदीने एकदा पिवळा झाला की तो कायमचा गेला, असे घरोघर मानतात. हळदीतील रंगद्रव्य कापसावर कोणत्याही मदतीवाचून चढते, ही गोष्ट खरी. साबण किंवा सोडा लागताच डाग लाल होतो, तेव्हा तर गृहिणी घाबरूनच जाते. पण तो लालपणा केवळ साबणातल्या क्षाराचा परिणाम असतो. लिंबाचा रस पडताच तो पुन्हा पिवळा होतो. आणि ऊन या रंगाचे जन्माचे वैरी आहे. सदरा साबणाने नेहमीसारखा धुवावा, गरम पाण्यात उकळत बसू नये, आणि ओला असतानाच डागाची बाजू सूर्याकडे करून दोरीवर टाकावा. दुपारपर्यंत डाग फिकट होतो, आणि उरलाच तर सदरा ओला करून दुसऱ्या दिवशीही तिथेच राहू द्यावा.