गाडी नाही, तरी ‘गाडीवाला’

आधी एक कबुली. मागच्या आठवड्यात संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर आधारचे फोटो टाका असं आम्हीच सांगितलं होतं. चूक आमची. ते मेसेज आम्ही काढलेत, तुमच्या फोनमध्ये कुणाचे फोटो उरले असतील तर तेही काढून टाका.

‘आधार नंबरनं काय बिघडतं, आपल्याकडं चोरण्यासारखं हाय काय?’ असं बरेच जण विचारतात. आपल्याच तेलंगणात काय झालं ते बघा. सरकारची ‘समग्र वेदिका’ ही संगणक व्यवस्था रेशन, गाडीची नोंदणी, मालमत्ता अशा वेगवेगळ्या खात्यांतल्या नोंदी नाव-पत्त्यावरून जुळवते आणि हा सगळा एकच माणूस, असं ठरवते. जुळवणीचं सॉफ्टवेअर हैदराबादच्या पोसिडेक्स या खाजगी कंपनीचं. 2014 ते 2019 मध्ये राज्यात 18 लाखांहून जास्त रेशन कार्डं रद्द झाली. एका बाईचं कार्ड नवऱ्याच्या नावावर कार दिसते म्हणून अडलं. नवरा रिक्षा ओढणारा! कार होती सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची. शेवटी एप्रिल 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं घरोघर तपासणी करायला लावली, तेव्हा 15 हजारांहून जास्त कुटुंबं पात्र निघाली. तोवर त्यांनी काय खाल्लं, ते संगणकाला कोण विचारणार?

आपल्याला ही भीती जरा जास्तच. आपलं नाव मराठी, लिहिणारा तेलुगू, टाइप होतं इंग्रजीत. आधारवर ‘विठ्ठल’, सोसायटीच्या यादीत ‘विट्टल’, कुठं आडनाव आधी, कुठं गायबच. गावात एका नावाचे चार जण असतातच. उद्या अपघात विम्याच्या 5 लाखांसाठी घरच्यांनी अर्ज केला, तर हीच अक्षरं आडवी येतील. म्हणून आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड आणि सभासद यादी समोरासमोर ठेवून एकदा वाचा. मासे विकायची मोपेड किंवा ऑटो विकून टाकली असेल तर आरसीवरचं नाव बदललं का तेही बघा. कागदावर गाडी अजून तुमचीच असते.

खाजगी कंपनीला माहिती घेताना तुमची संमती लागते, असं 2023 चा डेटा संरक्षण कायदा सांगतो. सबसिडी, लाभ देताना मात्र सरकारला त्यातून बरीच सूट आहे. म्हणजे सरकारी अर्जात नाही म्हणायला फारशी जागा नाही, निदान बरोबर लिहिलंय का एवढं तरी बघावं. कर्जाच्या अॅपला मात्र फोनमधले सगळे नंबर द्यायची काहीच गरज नाही.

झेरॉक्स द्यायचीच असेल तर फक्त शेवटचे 4 आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार चालतं का ते आधी विचारा. यूआयडीएआयच्या साइटवर ते फुकट मिळतं. मत्स्य विभागाच्या राष्ट्रीय डिजिटल पोर्टलवर नोंदणी करताना ओटीपी स्वतः टाका, एजंटला फोनवर सांगू नका. मोबाइल नंबर बदललेल्यांनी आधी तो आधारला जोडून घ्यावा.

सभासद यादी या शनिवारी संस्थेत वाचायला ठेवतोय. डोंगा बांधून झाला की येऊन जा, येताना पासबुक आणा. फोटो पाठवू नका.