‘बरी आहो’ एवढ्याने भागत नाही

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बाईला ‘कशी आहेस वो बाई?’ असे विचारले, तर आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात बहुधा एकच उत्तर मिळते, ‘बरी आहो.’ घरच्यांना काळजी नको, डॉक्टरांचा वेळ जायला नको, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्यापायी कोणाचा रोज बुडायला नको, म्हणून ती तसे म्हणते. मन मोठे आहे, पण या दुखण्यात त्या उत्तराने नुकसान होते. नागपूर आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर. तिथे डॉक्टरांपुढे बसायला मिळतात पाच-दहा मिनिटे. मागच्या एकवीस दिवसांत काय काय झाले, ते त्या घाईत आठवत नाही, आणि ‘बरी आहो’ ऐकून डॉक्टर पुढची तारीख देतात.

संत्र्याच्या खोडावर डिंक्या दिसला, तर आपण पाने पिवळी पडेपर्यंत थांबतो का? खोड खरवडून बोर्डो पेस्ट लावतो. माणसाच्या बाबतीत मात्र झाड वाळेपर्यंत गप्प बसण्याची आपली रीत आहे.

म्हणून आमचे सांगणे असे की, घरात एक साधी शंभर पानी वही करा. कॅनडातील एडमंटन शहरी १९९१ साली डॉक्टरांनी एक सोपी पद्धत काढली, ती आता जगभर चालते. नऊ गोष्टी विचारायच्या: वेदना, थकवा, मळमळ, उदासी, मनाची धास्ती, गुंगी, भूक, श्वासाचा त्रास आणि एकंदर कसे वाटते. प्रत्येकीला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. बाईला लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणारी नात विचारून लिहील. आकडा मात्र बाईनेच सांगायचा, सुनेने किंवा नवऱ्याने अंदाजाने टाकायचा नाही. कालचा तीनचा थकवा आज आठ झाला, हे वहीत डोळ्यांना दिसते.

यात काय मोठे, असे कोणी म्हणेल. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयात ७६६ रोग्यांवर हा प्रयोग झाला, त्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या बायाही होत्या. आजार सर्वांचाच शरीरात पसरलेला होता. काहींनी आपली लक्षणे नियमाने कळवायची आणि त्रास वाढला की नर्सबाईला लगेच समजायचे, बाकीच्यांची नेहमीप्रमाणे देखभाल करायची, असे ठरले. २०१७ साली निकाल छापून आला. लक्षणे कळवणारे रोगी मध्यमानाने ३१ महिने जगले, बाकीचे २६ महिने. वेळेवर सांगण्याने पाच महिने मिळाले. पुष्कळ महागड्या औषधांनीही एवढे साधत नाही.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून थांबण्याच्या नाहीत. पहिली म्हणजे ताप. केमोची सुई लागल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटतात आणि साधा जंतूही जीवघेणा ठरू शकतो. घरात थर्मामीटर हवाच. १००.४ डिग्री फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर रात्र असो की पोळ्याचा सण, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. क्रोसिन देऊन निजवू नये, कारण ताप उतरलेला दिसतो आणि आजार आत वाढतच राहतो. तसेच एकाएकी दम लागणे, किंवा पाठीचे दुखणे दिवसेंदिवस वाढत जाऊन पायांत बळ न राहणे, यांतही उशीर करू नये.

आता हाताविषयी. आपल्या शेतकरी बायांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच, आणि तिच्याविषयी बोलले जाते सर्वांत कमी. शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे शेक दिला, की त्या हातातील लसिकेची वाट अरुंद होते आणि हात सुजू शकतो, कधी कधी वर्षांनंतरही. शिंप्याचा टेप घ्यावा. शस्त्रक्रियेच्या आधीच दोन्ही हात मापून ठेवावेत: मनगटाशी, आणि कोपराच्या दहा सेंटिमीटर खाली व वर. पुढे दर महिन्याला त्याच जागी माप घ्यावे. दोन हातांतील फरक दोन सेंटिमीटरने वाढला, किंवा बांगडी घट्ट झाली, हात जड वाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. लवकर धरले, तर पट्टी, मालीश आणि व्यायामाने सूज आटोक्यात राहते.

सुजेला निमित्त बहुधा जखमेचे होते. वाळलेल्या बोंडाची टोके कापूस वेचताना बोटांना टोचतात. जंबेरीच्या खुंटाचे काटेरी फुटवे काढताना हात ओरबाडतो. इतरांना त्याचे काही वाटत नाही, पण या हाताला ओरखडा म्हणजे जंतूंना उघडे दार. हातमोजे घालावेत, ओरखडा साबणाने धुऊन औषध लावावे. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. कीटकनाशकाच्या फवारणीपासून तिला दूरच ठेवावे.

मात्र ‘आता हा हात हलवूच नको’ हा सल्लाही खरा नाही. वजन उचलल्याने सूज येते, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. अमेरिकेत झालेल्या अभ्यासात (२००९) असे दिसले की, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढत नाही. तेव्हा पाण्याची कळशी एकदम नको, तांब्यापासून सुरुवात करावी.

मनाचे काय? स्तन गेल्यावर बाई मिस्साला मागच्या बाकावर बसू लागते, पुढे येईनाशी होते. हा आजार शिवण्याने लागत नाही, तरी काही घरांत तिचे ताट वेगळे काढतात. हे पाप आहे, असे आम्ही स्पष्ट लिहितो. आशाताईच्या तपासणी फॉर्मात आता दोन प्रश्न असतात: मागील दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का, आणि मन खिन्न, निराश राहिले का? बहुतेक दिवस असे जात असतील, तर तेही दुखणेच समजून डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलताही येते.

फादरांना बोलावले म्हणजे शेवट आला, या भीतीनेही घरे गप्प राहतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले की, या संस्काराला ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक शोभते आणि तो केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. आणि उपासकाळात आजारी माणसाला उपवासाचे बंधन नाही. केमो चालू असलेल्या बाईने पोटभर जेवावे.

घरातील इतर बायांसाठी थोडेसे. २०२२ साली भारतात या आजाराच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रोगी सापडल्या. वय वाढणे, आई-बहिणीला हा आजार असणे, लठ्ठपणा, दारू यांनी धोका वाढतो, अंगावर पाजण्याने थोडा कमी होतो. पण बहुतेक रोग्यांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच तो नसतो. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख बायांवर वीस वर्षे अभ्यास केला. त्यात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी बायांची हाताने तपासणी केली. पन्नाशी ओलांडलेल्यांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. तिशीनंतर ही तपासणी सरकारी केंद्रात होते. स्तनात गाठ, बोंडीतून रक्त, आकारात बदल, यांपैकी काहीही दिसले तर लाजू नये. गाठ दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबू नये.

नागपूरला जाताना वहीबरोबर आधीचे सर्व रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटे आणि आयुष्मान कार्ड घ्यावे. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात ते आपल्या राज्याबाहेरही चालते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला व सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत आहे. तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून व शिक्का मारून घ्यावा लागतो, तेव्हा पहिल्याच खेपेस मागून घ्यावा.