नावागावासकट ओवी

जगभरच्या पारंपरिक गाण्यांची ध्वनिमुद्रणे आता घरबसल्या ऐकता येतात, त्यावर लिहा, असे संपादकांनी सांगितले. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात बसून मी देशोदेशीचे बरेच काही ऐकले आणि थबकले ती परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला. तिथल्या गंगूबाई अंबोरे सीतेच्या वनवासाच्या ओव्या गात होत्या. रानात सीता रडते आहे आणि बोरी-बाभळी बायका होऊन तिची समजूत घालताहेत. ध्वनिमुद्रण १९९६ सालचे. त्या आवाजातली व्याकुळता ऐकल्यावर पुढचा देश उघडावासा वाटला नाही.

हे गाणे ज्या संग्रहात आहे, त्याची सुरुवात संगीतासाठी झालीच नव्हती. मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर ऐंशीच्या दशकात मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचे काम करत होते. बायका सभेत बोलायला बिचकत, पण जात्यावर बसल्या की सगळे बोलून मोकळ्या होत: सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, विठ्ठल, बाबासाहेब. मग संघटनेतल्या बायकांनीच आसपासच्या गावांतून ओव्या जमवायला घेतल्या. पुढे हा व्याप महाराष्ट्रभर पसरला आणि एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या देणाऱ्या बायका ३३०० च्या वर, गावे ११०० च्या वर.

मला मात्र आकड्यांपेक्षा त्या संग्रहाची नोंद ठेवण्याची पद्धत मोठी वाटते. ओवी कोणी गायली, कुठल्या गावात, कोणत्या विषयावर, हे ओवीला बांधलेले आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मधून ओव्या घराघरात पोचवल्या, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ सिद्ध केली. तरीही लोकसाहित्य म्हटले की ते कोणा एकाचे नाही, असे आपण धरून चाललो. इथे बाईला नाव आहे. पहाटे घर झोपेत असताना जे ती दगडाला सांगत होती, ते तिचे म्हणून नोंदले गेले.

कागदावर ओवी दोनच ओळींची दिसते. गाताना ती तशी राहत नाही. पहिल्या ओळीचा अर्धा तुकडा घ्यायचा, तो पुन्हा म्हणायचा, मध्ये ‘गं बाई’ घालायचे, मागे यायचे, मग दुसऱ्या ओळीकडे वळायचे. समोर खुंट्याला हात लावून बसलेली जोडीदारीण तिथून उचलते. जात्याचा फेरा, वैर घालायला पुढे जाणारा हात आणि छातीतला श्वास, या तिन्हींच्या हिशेबाने ओळ लांबते. म्हणूनच संगणक आणि संगीत या दोन्हीतले जाणकार बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात या कामात आले, ही मोठीच गोष्ट घडली. त्यांच्यामुळे सुमारे १२० तासांची ध्वनिमुद्रणे झाली. संगीतकार बार्टोकने १९०६ मध्ये फोनोग्राफ घेऊन हंगेरीची खेडी पालथी घातली, तेव्हाही गरज हीच होती: कानाने टिपून कागदावर उतरवताना जे निसटते ते धरायचे.

गी पॉइटवँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पुढे हा ठेवा पत्रकार पी. साईनाथांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाकडे आला आणि २०१७ पासून संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला होऊ लागला. पॉइटवँ-राईरकरांबरोबर काम केलेले जितेंद्र मैड, भाषांतर करणाऱ्या आशा ओगले आणि नोंदी करणाऱ्या रजनी खळदकर या कामात राहिले. ‘पारी’ची मंडळी पुन्हा गावोगावी गेली, हयात असलेल्या गायिकांना भेटली, त्यांचे चित्रण केले.

अडचण आहे ती आवाजाची. ध्वनिमुद्रित ओव्या साडेचार हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे शंभरातल्या जेमतेम चार ओव्यांना आवाज आहे, बाकीच्या अक्षरांतच आहेत. एकाच गळ्यावर, म्हणजे चालीवर, कितीतरी ओव्या बसतात, त्यामुळे चाल अगदीच हरवली असे नाही. पण अमक्या बाईने अमकी ओवी कोणत्या गळ्यावर म्हटली, कुठे थांबली, कोणता शब्द ओढला, हे आता कोण सांगणार? विजेची गिरणी आली तेव्हा बाईच्या खांद्यांची सुटका झाली, ती व्हायलाच हवी होती. त्या कष्टाचे गोडवे मला गायचे नाहीत. मात्र जाते थांबल्यावर आठवणही अडखळते. नुसते समोर बसून ‘म्हणा’ म्हटले, तर दोन-चार ओव्यांनंतर पुढचे सुचत नाही. हात फिरू लागला की ओवीला ओवी लागते.

आमच्या बेव्हर्ली पार्कातही सातारा-मराठवाड्याकडून मुलांच्या घरी राहायला आलेल्या आज्या आहेत. जवळच्या उत्तनच्या कोळीवाड्यात लग्नाची गाणी अजून म्हटली जातात. नातवंडे मोबाइलवर ती टिपतातही, आणि ‘आजीचे गाणे’ एवढ्याच नावाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर टाकतात. दोन वर्षांनी फोन बदलला की ते जाते. राहिले, तरी कोणती आजी, माहेर कुठले, गाणे कोणाकडून शिकली, हळदीचे की पाठवणीचे, यातले काहीच त्यावर नसते. मुळशीतल्या वह्यांत, ध्वनिमुद्रण यंत्र दारात यायच्या आधीच, बाईचे नाव आणि गाव लिहून झालेले होते.