सोलानीच्या तीरावरील इंजिन

भारतातील पहिली आगगाडी कोणती, असा प्रश्न केल्यास मराठी माणूस विलंब न लावता बोरीबंदर ते ठाणे हेच उत्तर देईल. १६ एप्रिल १८५३ रोजी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन ती गाडी निघाली. उतारूंच्या नियमित वाहतुकीचा प्रारंभ म्हणून तिचा मान निर्विवाद आहे. परंतु उत्तराखंडातील रुडकी स्थानकाच्या आवारात जुन्या धाटणीच्या एका इंजिनाची प्रतिकृती उभी आहे. ती पाहणाऱ्याला त्याहून आधीच्या एका दिवसाची आठवण करून देते : २२ डिसेंबर १८५१.

ते इंजिन उतारूंसाठी आणलेलेच नव्हते. त्याचे काम माती वाहण्याचे होते, आणि त्या मातीमागे दुष्काळाची करुण कहाणी होती. १८३७-३८ साली गंगा-यमुनेच्या दुआबात अवर्षणाने लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. बारमाही गंगा जवळून वाहत असूनही तिचे पाणी शेतापर्यंत पोहोचत नव्हते. ते पोहोचविण्यासाठी हरिद्वारपासून मोठा कालवा काढण्याची योजना प्रोबी कॉटली याने आखली आणि १८४२ मध्ये खोदाईस आरंभ झाला.

रुडकीजवळ सोलानी नदीचे सखल खोरे आडवे आले. कालव्याची पातळी उंच, नदीचे पात्र खाली; म्हणजे एका प्रवाहावरून दुसरा प्रवाह न्यावयाचा होता. त्यासाठी प्रत्येकी ५० फूट रुंदीच्या १५ कमानींचा जलसेतू बांधण्यात आला. पण कमानी केवळ नदीच्या पात्रापुरत्या. उरलेले खोरे ओलांडण्यास मातीचा प्रचंड बांध हवा होता. पिरान कलियरच्या बाजूने माती आणण्यासाठी रूळ टाकले गेले. प्रारंभी माणसे आणि घोडी वाघिणी ओढीत. पुढे इंग्लंडहून इंजिन मागविण्यात आले. प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांचे नाव त्याला मिळाले. त्याचा वेग ताशी सुमारे ४ मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच होता. पुढच्याच वर्षी अपघात होऊन ते निकामी झाले. काम मात्र थांबले नाही. ८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडण्यात आले.

मग पहिला मान कोणाचा? मद्रासजवळच्या रेड हिल्स येथे तर १८३७ मध्येच रस्त्यांसाठी दगड वाहणारा लोहमार्ग होता. तेव्हा ‘पहिले’ हा शब्द वाचताना, पहिले कोणत्या कामासाठी, हे विचारणे आवश्यक ठरते. बोरीबंदरच्या गाडीने माणसांना माणसांजवळ आणले; सोलानीच्या इंजिनाने पाण्याला शेताकडे जाण्याची वाट करून दिली. या दोन्ही कामांत स्पर्धा नाही.

बांधकामापुरते टाकलेले ते रूळ केव्हाच नाहीसे झाले. जलसेतूच्या टोकांशी बसविलेले सिंहांचे पुतळे मात्र अद्याप उभे आहेत, आणि त्यांच्या मधून गंगेचे पाणी दुआबातील शेतांकडे जात आहे. स्थानकावरील प्रतिकृती पाहणाऱ्याने तेथवर अवश्य जावे. त्या इंजिनाचे खरे स्मारक तेथे आहे.