भुताचे नियम
भयकादंबरी परीक्षणासाठी आली की पहिलं वाचन मी पेन्सिलीशिवाय करते. रात्री, शक्यतो सलग. कुठे अंगावर काटा आला आणि कुठे नुसतीच पानं उलटली, एवढंच त्यातून हवं असतं. दुसरं वाचन भर दिवसा, टेबलाशी बसून. तेव्हा शोधते ते नियम.

भूत खोटं असलं तरी चालतं, त्याचे नियम मात्र पक्के हवेत. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू न शकणारं पिशाच्च पुढे खुशाल माजघरात उभं असेल, तर मधल्या पानांत त्याला आत कुणी घेतलं हे मला सापडलंच पाहिजे. म्हणून नियम पहिल्यांदा येतो तिथे समासात खूण करते आणि तो पुन्हा कामाला येतो तिथला पृष्ठांक शेजारी लिहिते. काम किचकट आहे, पण परीक्षणाचा कणा तोच.

नियम त्या पुस्तकाचेच धरायचे, सिनेमातून डोक्यात बसलेले नाहीत. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये दिसतो. आजच्या वाचकाला ती चूक वाटते. पण उन्हाने पिशाच्च नष्ट होतं, ही कल्पना रुजली ‘नोस्फेरातू’ या १९२२च्या मूकपटामुळे. स्टोकरच्या काउंटची शक्ती दिवसा मर्यादित होते, इतकंच.

आपलाच नियम लेखकाने किती गांभीर्याने घ्यावा, याचं माझं आवडतं उदाहरण टॉल्किनचं. ‘द हॉबिट’च्या १९३७च्या आवृत्तीत गोलम नायक बिल्बोला कोड्यांच्या पैजेचं बक्षीस म्हणून अंगठी द्यायला राजी असतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना ती अंगठी माणसाला ग्रासणारी ठरली. मग ती आपणहून कोण देईल? टॉल्किननी ते प्रकरण बदललं, १९५१मध्ये ते नव्या रूपात छापलं गेलं. आणि जुनी हकिगत ही बिल्बोने मारलेली थाप होती, असं ठरवून तीही कथेत सामावून घेतली! एवढी निष्ठा मला नव्या लेखकांत दिसली की परीक्षण लिहिताना हात मोकळा होतो.

मराठीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे मूळ. नारायण धारपांच्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे. ‘तुंबाड’ चित्रपटाला (२०१८) धारपांच्याच ज्या ‘आज्जी’ कथेचा आधार आहे, तिच्यामागेही किंगचीच कथा आहे. हे परीक्षणात स्पष्ट लिहायलाच हवं. पण तेवढ्यावर पुस्तक निकालात काढणं मला पटत नाही. किंगचं गाव क्रूसावरच्या, चर्चवरच्या श्रद्धेला धरून उभं आहे. आपल्याकडे तो आधार काढून घेतला की भीतीला आणि तिच्यावरच्या उताऱ्याला दुसरी मुळं शोधावी लागतात. ती सापडली का, हा खरा प्रश्न. धारपांना ती सापडत, म्हणून त्यांची पुस्तकं आजही वाचली जातात. रत्नाकर मतकरींची वाट वेगळी. त्यांच्या गूढकथांतलं अमानवी बरेचदा घरातल्याच माणसाच्या मनातून वर येतं, त्यामुळे तिथे नियम शोधायचा तो स्वभावात.

लिहिताना मोठी अडचण शेवटाची. तो फोडायचा नाही आणि फसला असेल तर लपवायचाही नाही. मी पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागाबाहेरचा प्रसंग सांगत नाही. शेवटाकडे लेखिकेने स्वतःचा नियम मोडला, असं लिहिलं तर रहस्य शाबूत राहतं आणि दोषही कळतो.

याला एकच अपवाद करते. माळ्यावरची पावलं, बंद खोलीतला आवाज, सगळं शेवटच्या पानावर नायिकेच्या मानसिक आजाराच्या खात्यावर टाकलेलं असेल, तर ते मी उघड लिहिते. संपादकांशी यावरून वाद झाले आहेत. तरी लिहिते, कारण त्या आजाराशी झगडणारं कुणीतरी हे पुस्तक विश्वासाने हातात घेणार असतं.