अवघड म्हणजे किती अवघड?

रात्रीचे 8 वाजून 5 मिनिटं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत ही वेळ कित्येकांना पाठ असते. मेसमधलं जेवण घाईघाईत उरकून मुलं लॅपटॉपपाशी येतात, कारण मॉस्कोत तेव्हा 5 वाजून 35 मिनिटं झालेली असतात आणि कोडफोर्सेसचा राउंड सुरू होतो. रशियातल्या सारातोव्हच्या माइक मिर्झायानोव्ह यांनी उभं केलेलं हे प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांचं मैदान. पाच-सहा गणितं आणि बहुतेकदा 2 तासांचा वेळ. एकेका राउंडला दहा-वीस हजार जण बसतात.

या आकड्याचा भार कुठे पडतो ते बघा. समजा 15 हजार जणांनी प्रत्येकी 5 सबमिशन्स, म्हणजे उत्तराचे प्रोग्रॅम, पाठवली आणि प्रत्येकाची 60 टेस्टकेसवर तपासणी झाली. म्हणजे 45 लाख वेळा प्रोग्रॅम चालवायचे. 2 तासांत हे बसवायचं तर सेकंदाला 625. त्यात उत्तराला चार सेकंद उशीर झाला तरी मुलांचा जीव वरखाली होतो.

पण खरी गंमत गणिताच्या पोटात असते. 2 लाख संख्या दिल्या आहेत, वेळ 2 सेकंद. संगणक सेकंदाला साधारण 10 कोटी साध्या क्रिया करतो असं धरून सगळे चालतात. प्रत्येक संख्या प्रत्येकीशी ताडून बघायची म्हटलं, तर 4,000 कोटी क्रिया, म्हणजे 400 सेकंद. पावणेसात मिनिटं! तेच आधी संख्या चढत्या क्रमाने लावून घेतल्या, तर काम 36 लाख क्रियांच्या आसपास येतं, सेकंदाचा पंचविसावा हिस्साही लागत नाही. आणि संख्या 10 चा 18 वा घात असेल तर? एकेक करत तिथवर मोजायला त्याच वेगाने जवळपास 317 वर्षं लागतील. 1708 च्या जानेवारीत साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या दिवशी मोजायला बसलेला संगणक आत्ता कुठे उठला असता. इथे मुलांना उत्तर 2 सेकंदांत हवं असतं, आणि युक्ती सापडली की ते मिळतं.

गणित रचणाऱ्याला आळशी उत्तर पकडणारी टेस्टकेसही रचावी लागते. सी प्लस प्लसमधली अनऑर्डर्ड मॅप ही हुशार कप्प्यांची पेटी. एरवी क्षणात हवं ते काढून देते. पण तिच्यात 1,07,897 च्या पटीतल्या संख्या भरत गेलं, की एका टप्प्यावर त्या सगळ्या एकाच कप्प्यात कोंबल्या जातात आणि पेटीचा उकिरडा होतो. लाख संख्यांसाठी लाख वेळा उपसायचं म्हणजे 1,000 कोटी खेपा. स्पर्धेत दुसऱ्याचं उत्तर असं पाडण्याला हॅक म्हणतात. हा एक आकडा अनेकांच्या वर्मी बसलेला आहे.

आता अवघडपणाचं. गणित किती अवघड हे ते रचणाऱ्याला सांगता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याला युक्ती ठाऊक असते. एकदा दिसलेली वाट न दिसल्यासारखी करता येत नाही. म्हणून राउंडआधी गणितं सोडवून बघणारे टेस्टर नेमतात, आणि तरीही अंदाज चुकतात. पक्का आकडा स्पर्धा झाल्यावरच ठरतो. खेळाडूची ताकद आकड्यात मांडणाऱ्या, बुद्धिबळातल्या एलो रेटिंगचंच हे तत्त्व: ज्या रेटिंगच्या मुलाला ते सुटण्याची शक्यता निम्मी, ते त्या गणिताचं रेटिंग. समजा 1400 रेटिंगची 10 हजार मुलं बसली. 5,000 जणांना सुटलं तर गणित 1400 चं. 909 जणांनाच सुटलं तर 1800 चं. फक्त 99 जणांना, तर 2200 चं. दर 400 गुणांना शक्यता साधारण दहापटीने आटते. पट्टीवर सारख्या दिसणाऱ्या पायऱ्या, पण प्रत्यक्ष चढण प्रत्येक पायरीला दहापट उभी.

बेलारूसचा गेनादी कोरोत्केविच, टोपणनाव ‘टूरिस्ट’, 2024 च्या नोव्हेंबरात 4000 ओलांडणारा पहिला ठरला. त्याचं रेटिंग 4009 झालं. हाच हिशेब लावला तर 1400 चा मुलगा त्याला 33 लाखांत एकदा मागे टाकेल. आठवड्याला 2 राउंड धरले, तरी त्या एका खेपेसाठी 32 हजार वर्षं बसून राहायला हवं.

गणितांची पट्टी 800 पासून सुरू होते, शंभराशंभराने चढते आणि 3500 ला थांबते. 1200 च्या मुलाला 3500 चं गणित सुटण्याची शक्यता साडेपाच लाखांत एक. काही राउंडमध्ये शेवटचं गणित कुणालाच सुटत नाही. तेव्हा सूत्रात सोडवणारे शून्य भरावे लागतात, आणि शून्य भरलं की उत्तर अनंत येतं.